पाणी काही शिकवत नाही

मी गाव सोडलं तेव्हा माय स्टेशनवर आली नाही. काळी-पिवळी जीपपर्यंतही आली नाही. अंगणात उभी राहून तिनं माझ्या बाला एवढंच विचारलं, की पुण्यात नदी आहे का. बा म्हणाला, आहे, पण तिच्यात पाणी नसते. मग ती आत निघून गेली. तिरोड्याच्या फलाटावर बा माझ्या शेजारी बसून राहिला. गाडी आल्यावर त्यानं माझी थैली वर चढवली आणि खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाला, "तिकडे कामात लक्ष ठेवजो." लक्ष ठेवण्याजोगं काम मला येतं असं त्याला का वाटलं, कोण जाणे. मला चिखलणी येत होती, मोहफुलं वेचता येत होती आणि पोहता येत होतं. निदान माझा तसा समज होता.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे पुणे, सुरत, हैदराबाद गाठलेल्यांसाठीही. गावाची आठवण निघाली की आपण सगळे फार गोड बोलतो. गावातली पोरं झाडावर चढायला झाडाकडून शिकतात, पोहायला पाण्याकडून शिकतात, असं काहीबाही आपण शहरातल्या मित्रांना ऐकवतो आणि तेही माना डोलावतात. मला या बोलण्याची किळस येते. का येते, ते सांगतो.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, चोरखमाऱ्याच्या तलावापासून जवळ. धानाला पाणी त्याच तलावाचं, आणि उन्हाळ्यात पोरांचा सगळा दिवसही त्यातच. पोरांना पोहायला शिकवण्याचं काम कवडूमामाकडे होतं. हा मायचा चुलतभाऊ. त्याची शिकवण्याची पद्धत अशी, की पोरगं एका हाताला आणि एका पायाला धरायचं, पाणी सोडायच्या गेटजवळ दगडी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर न्यायचं आणि खोल पाण्यात फेकून द्यायचं. पोरगं हातपाय झाडत काठाला लागलं, की मामा पाळीवर बसल्या बसल्या म्हणायचा, "पानीच शिकवते. मानूस काय शिकवीन?" जे पोरगं नाकातोंडात पाणी जाऊन काळंनिळं व्हायचं, त्याला तो स्वतःच बाहेर ओढायचा आणि घाबरट म्हणून घरी हाकलायचा. ते पोरगं पुन्हा कधी पाण्याला शिवत नसे. अशी पोरं गावात भरपूर होती, पण त्यांची गणती मामाच्या शिकवण्यात कधी झाली नाही. जे तरले ते त्याचे चेले, जे घाबरले ते आपापल्या मायचे. एवढ्या हिशेबावर माणूस जन्मभर उस्ताद म्हणून मिरवला, आणि आपण सगळ्यांनी त्याला मिरवू दिलं. मुलींना तर तो फेकतही नसे. त्यांनी काठावर धुणं धुवावं.

माझा मोठा भाऊ विलास हा मामाचा सगळ्यात लाडका चेला. दादा या काठावरून पलीकडच्या काठाला जायचा आणि न थांबता परत यायचा. पाळीवर बसलेली म्हातारी माणसं त्याला मासोळी म्हणायची. दादालाही ते आवडायचं. तो तसा साधा माणूस होता. पाणी सोडलं तर फुशारकी मारण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून पाण्याची मारायचा.

एका रविवारी शहरातून काही मंडळी तलावावर फिरायला आली. त्यांतला एक दणकट माणूस फोटो काढून घेता घेता पाळीच्या दगडावरून घसरला आणि खोल पाण्यात गेला. आम्ही दोघं भाऊ जवळच होतो. मामाही होता, पाळीवर गावातली बरीच माणसं होती. दादानं सदरा काढला आणि मी त्याच्या मागे निघालो, तेव्हा मामानं माझा दंड धरला. म्हणाला, जाऊ दे त्याले, तो मासोळी आहे, तू मधात लुडबुडू नोको. दादा सरळ त्या माणसासमोर गेला. त्या माणसानं त्याच्या गळ्याला मिठी मारली, खांद्यावर गुडघे रोवले आणि शिडीवर चढावं तसा तो दादाच्या अंगावर चढला. दोघं खाली गेले. थोड्या वेळानं तो माणूस एकटाच वर आला, काठाजवळ, आणि त्याच्या सोबतच्यांनी ओढणी टाकून त्याला बाहेर घेतलं. दादाला मासे धरणाऱ्या ढिवरांनी जाळं टाकून काढलं, तेव्हा ऊन उतरलं होतं.

तो माणूस वाचला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. त्यानं कधी येऊन विचारपूस केली नाही. त्याच्याबद्दल मी फार विचार करत नाही, कारण बुडणारा माणूस जे करतो ते त्यानं केलं. मला राग आहे तो नंतर आमच्या ओसरीवर येऊन बसलेल्यांचा. कोणी म्हणालं, वेळ आली होती. कोणी म्हणालं, तलाव दरसाल एक मागते. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या आमच्या मोहल्ल्यातले लोकही तलावाच्या मागणीवर माना हलवत होते. कवडूमामा सगळ्यांत मोठ्यानं रडला आणि रडता रडता सांगत राहिला, की असा पोहणारा पुन्हा होणार नाही, मीच शिकवलो होतो. माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं कोणाचंच ऐकलं नसावं असं मला तेव्हा वाटलं.

त्याच वर्षी मी निघालो. पुण्यात माझा आतेभाऊ सुनील सिक्युरिटी गार्ड होता. त्यानं मला एका क्लबच्या स्विमिंग टँकवर चिकटवून दिलं. काम म्हणजे पाणी उपसणारा पंप चालू-बंद करणं, क्लोरीन टाकणं, तळाचा गाळ ओढणं. पाणी आणि मी, दोघं एकमेकांना चुकवू शकलो नाही. मायला मी ते फोनवर सांगून टाकलं. ती म्हणाली, "पुऱ्या दुनियेत तुले दुसरं काम नाही भेटलं?" आणि फोन बाच्या हातात दिला. त्यानंतर कित्येक वर्षं ती फोनवर माझ्याशी बोलली नाही. बा मध्ये उभा राहून सांगायचा, माय बरी आहे, माय जेवली, माय म्हणते तब्येत सांभाळ. शेवटचं तो स्वतःच्या मनानं जोडायचा, हे मला कळायचं.

दुपारी टँक बंद असायचा. एकदा मी पाण्यात उतरलो आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलो. वर आलो तर देशमाने मॅडम उभ्या होत्या. या क्लबच्या मुख्य कोच, पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे दुखत असल्यामुळे खुर्ची ओढत फिरणाऱ्या. मला वाटलं, पाहून खूश झाल्या असतील. त्या म्हणाल्या, "तुला पोहता येत नाही. तुला फक्त बुडता येत नाही."

मला राग आला. मी सांगितलं की मी तलावावर वाढलोय, लहानपणापासून पोहतोय. त्यावर त्यांनी विचारलं, की इतक्या वर्षांत तू काय सुधारलंस? कोणती गोष्ट तुला गेल्या वर्षी जमत नव्हती आणि या वर्षी जमते? मी पहिल्या उन्हाळ्यात जसा पोहत होतो तसाच पोहत होतो, डोकं बाहेर काढून, मान ताठ करून, कुत्र्यासारखा. उन्हाळे वाढले होते, पोहणं तिथंच होतं. आपल्याकडे माणूस एखादं काम खूप वर्षं करत आला की त्याला जाणता म्हणतात. वर्षं जाणं आणि कळत जाणं यांत फरक आहे, हे आपल्याला सुचतच नाही.

मॅडमनी मला सकाळच्या लहान मुलांच्या बॅचमध्ये उभं केलं. बालवाडीतल्या पोरांच्या रांगेत मी, मिशा फुटलेला, पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढत होतो. मग कठडा धरून पाय मारणं, मग एकाच हातानं ओढणं. मॅडम एका वेळी एकच चूक सांगायच्या आणि ती सुटेपर्यंत दुसरीकडे बघायच्या नाहीत. मी त्या पोरांमध्ये सगळ्यांत मठ्ठ होतो, कारण त्यांना नवीन शिकायचं होतं आणि मला जुनं आधी विसरायचं होतं. सुनील येऊन हसून गेला. पण त्या हसण्यात मला एक गोष्ट दिसली. कवडूमामाला कोणी कधी असं हसलं नव्हतं. हसून घ्यायची ज्याची तयारी नाही तो उस्ताद होतो, आणि तिथंच संपतो.

पुण्यातले लोक काही आपल्याहून शहाणे नव्हते, याचीही नोंद घ्या. बाकावर बसलेले आईबाप दुसऱ्याच आठवड्यात विचारायचे, आमचा मुलगा बटरफ्लाय स्ट्रोक कधी करणार? आयटीतला एक साहेब यायचा. त्यानं जगातले सगळे व्हिडिओ पाहिले होते. कोपर पाण्यात कोणत्या कोनात जावं यावर तो मला काठावर उभा राहून लेक्चर द्यायचा, आणि पाण्यात उतरला की ते कोपर त्याला सापडायचं नाही. त्याच्या मनगटावरचं घड्याळ मात्र त्याला रोज शाबासकी द्यायचं. आमच्या कवडूमामाला वाटतं पाणी शिकवतं, याला वाटायचं मोबाईल शिकवतो. दोघांनाही माणसासमोर चुकायचं नव्हतं.

मला नीट पोहता यायला लागल्यावर मॅडमनी एक दिवस सांगितलं, आता जीवरक्षकाचं शिक. त्या स्वतः खोल पाण्यात उतरल्या आणि म्हणाल्या, मी बुडते, मला काढ. मी सरळ त्यांच्यासमोर गेलो. त्यांनी माझ्या गळ्याला मिठी मारली, खांद्यावर गुडघा ठेवला आणि मला खाली दाबलं. त्या पाण्याखाली मला कळलं की दादा कसा गेला. डोक्याला नाही, मानेला कळलं. मी त्यांना ढकललं, कसाबसा काठ गाठला आणि ओकलो.

त्यांनी काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं. खांद्यावर हात ठेवतील असं वाटलं होतं, पण त्या तशा बाई नव्हत्या. म्हणाल्या, "तुझ्या भावाला पोहता येत होतं. बुडणारा माणूस काय करतो हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. हा वेगळा धंदा आहे. चल, परत पाण्यात ये."

मग मी तो धंदा शिकलो. आधी आवाज द्यायचा. मग काठी, ओढणी, फांदी, जे हाताशी असेल ते पुढे करायचं. मग दोर किंवा तरंगणारं काहीतरी फेकायचं. यातलं काहीच नसेल तरच पाण्यात जायचं, तेही मागून, आणि दोघांच्या मध्ये काहीतरी धरून. सगळ्यांत चांगल्या पोहणाऱ्याला सगळ्यांत शेवटी पाठवायचं. आम्ही बरोबर उलट केलं होतं. त्या रविवारी पाळीवर ढिवरांच्या हवा भरलेल्या ट्यूबा पडल्या होत्या. त्यांवर बसून ते मासे धरायचे. दादा एका ट्यूबला वळसा घालून पाण्यात गेला होता. एवढं सगळं गाव उभं होतं, आणि एकालाही ती ट्यूब फेकावी असं सुचलं नाही, मलाही नाही. सुचणार कसं? आम्हाला पाण्यानं शिकवलं होतं ना.

पुढे मी त्याच क्लबमध्ये कोच झालो. वार्षिक समारंभात कोणी एक प्रेरणादायी वक्ता आला. कोणीतरी माझ्याबद्दल त्याच्या कानात सांगितलं असावं, त्यानं मला स्टेजवर बोलावलं आणि लोकांना सांगितलं की पाहा, जंगलातलं हे रत्न, गोंदियाचा हा मासा, याला कोणी शिकवलं नाही, निसर्गानं घडवलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी माईक घेतला आणि म्हणालो की मला समोर बसलेल्या देशमाने मॅडमनी शिकवलं, आणि आमच्या घरातला निसर्गानं घडवलेला मासा वेगळा होता, तो मेला. टाळ्या थांबल्या. वक्त्यानं पुढची स्लाईड लावली. खाली आल्यावर मॅडमनी एवढंच सांगितलं, की उद्या सकाळची बॅच वेळेवर सुरू कर.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टी काढून गावी गेलो. सरपंचाला सांगितलं, पोरांना पोहायला आणि बुडणाऱ्याला काढायला शिकवायचं आहे. तो म्हणाला, गावच्या पोट्ट्याईले पोहाले काय शिकवाचं, ते तर जन्मताच येते. म्हशी उतरतात त्या बाजूला पाणी कमरेएवढंच आहे, तिथं मी बांबू रोवले, सुतळी बांधली आणि बसलो. पोरं आली नाहीत. त्यांना पोहता येत होतं. मुली आल्या, कारण त्यांना आजवर कोणी फेकलंसुद्धा नव्हतं. मी त्यांना पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला लावलं.

कवडूमामा रोज पाळीवर येऊन बसायचा. म्हातारा झाला होता, आवाज तोच होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "बुडबुडे काढाले शिकवून राहिला हा. पुन्यात याचे पैसे भेटतात म्हनते." लोक हसायचे. विलास असा बुडबुडे काढत नव्हता, वाघ होता वाघ, असंही तो म्हणायचा.

माय माझ्याशी तेव्हाही धड बोलत नव्हती. ताट वाढायची आणि निघून जायची. तलावाकडे तर ती दादा गेल्यापासून फिरकलीच नव्हती. धुणंसुद्धा विहिरीवर धुवायची. एका सकाळी पाहतो तर ती पाळीवर उभी. किती वेळची उभी होती माहीत नाही. एक मुलगी पाण्यात बसलेल्या दुसरीला दुरूनच बांबू पुढे करून काठाला ओढत होती, तेवढा धडा चालला होता. तो माय टक लावून बघत होती. मामानं तिला पाहिलं आणि लगेच विलासचा विषय काढला. असा चेला पुन्हा नाही भेटला म्हणाला.

माय त्याच्याकडे वळली. "कवडू, माह्या विलासले तूच शिकवला म्हनतेस न. मंग तो मेला कसा, तेबी तूच सांग."

मामा गडबडला. म्हणाला, बाई, वेळ आली होती त्याची.

"वेळ नोहती आली," माय म्हणाली. "तुले येत नोहतं. एवढंच."

एवढं बोलून तिनं लुगडं वर खोचून काचा मारला आणि माझ्या बांबूंच्या आत उतरली. मुली बाजूला झाल्या. मला म्हणाली, शिकव. मी म्हणालो, माय, घरी बोलू. ती म्हणाली, घरी का पानी आहे?

तिला शिकवणं सोपं गेलं असं मी लिहिणार नाही. ती घाबरली की मला शिव्या द्यायची, आणि घाबरायची सारखी. पाठीवर तरंगताना काठ दिसावा म्हणून मान उचलायची, मान उचलली की कंबर खाली जायची, मग पाणी प्यायची आणि म्हणायची, तूच सोडलास. मी एकच चूक सांगत राहिलो, वर आभाळाकडे बघ, काठाकडे नको. पुष्कळ दिवस तेच चाललं. मग एकदा तिचे कान पाण्यात गेले, तोंड वर राहिलं, आणि माझे हात खालून कधी निघाले हे तिला कळलं नाही. ती तरंगत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं, ते कोणतं पाणी होतं ते मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर ती पाळीवर बसून हुंदके देऊन रडली, दादा गेला त्या दिवशी रडली नव्हती तशी. मग लुगडं पिळलं आणि म्हणाली, भूक लागली.

कवडूमामाचं काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. असल्या माणसांचं काही होत नसतं. तो आता लोकांना सांगतो, की पोरांना आधी उथळ पाण्यात उतरवावं असं त्याचं पहिल्यापासून मत होतं. लोक ते ऐकून घेतात. सरपंचानं माझ्या बांबूंसमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

पुण्यात मी आता भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या दोन खोल्यांत आलोय. तिथं गॅस आहे, गीझर आहे, शेजारी मला सर म्हणतात. लोक विचारतात, घर कुठलं? पूर्वी मी गोंदिया म्हणायचो आणि विषय बदलायचो. आता तलावापासून सुरुवात करतो.

यंदा गावी पोचलो तो सरळ तलावावर गेलो. माझ्या आधीच शिकवणी सुरू झाली होती. माय कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि शेजारच्या सुनेला पाठीवर निजवून तिच्या मानेखाली हात धरून होती. हात चुकीचा होता, फार वर होता. मी काठावरून सांगितलं, माय, हात जरा खाली घे, पाठीखाली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू आत्ता आलास," ती म्हणाली. "घरी जाऊन आधी जेव. मी शिकवून राहिली."

मी थोडा वेळ उभा राहिलो. तिनं हात खाली घेतला. मग मी थैली उचलली आणि जेवायला घरी गेलो.